कॉर्न स्नेकसाठी घरीच चार फुटी पेटी बनवायचीय, लाकूड-काच-हीटर सगळ्याबद्दल मदत हवी

रेडिंगकर_सातारी

नमस्कार मंडळी. आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो, मूळचे सातारचे. मुलगा अकरा वर्षांचा आहे आणि त्याला लहानपणापासून सापांचं प्रचंड वेड, सुट्टीत पुण्याला गेलो की कात्रजच्या सर्पोद्यानात नेल्याशिवाय सोडत नाही. तर ओळखीतलं एक कुटुंब घर बदलतंय आणि त्यांच्याकडचा कॉर्न स्नेक आम्ही घेतोय. साधारण दोन वर्षांची मादी आहे, तीन फुटाच्या आसपास, खाणंपिणं व्यवस्थित, हातात घेतली तरी शांत असते. नाव केशर ठेवलंय पोराने, रंगावरून.

आत्ता ती प्लास्टिकच्या एका टबात आहे, खाली हीट मॅट (विजेवर तापणारी पातळ चटई). टब मला छोटा वाटतो, अंग सरळ करायलाही जागा नाही तिला. दुकानात तयार लाकडी पेट्या बघितल्या पण चार फुटी घ्यायची तर किंमत बरीच आहे, आणि खरं सांगायचं तर मला आणि पोराला मिळून स्वतःच्या हाताने करायची हौस आहे. हत्यारं म्हणाल तर ड्रिल आहे, हातकरवत आहे, बाकी मोठं काही नाही.

प्रश्न असे: लाकूड कुठलं घेऊ, जुन्या कपाटाच्या फळ्या पडल्यात त्या चालतील का? सध्याची हीट मॅटच पेटीखाली ठेवली तर पुरेल का? हवेसाठी भोकं किती आणि कुठे? आणि सगळ्यात महत्त्वाचं, ती बाहेर येणार नाही याची खात्री कशी करायची, कारण बायको एकाच अटीवर तयार झालीय की साप पेटीबाहेर दिसता कामा नये, आणि दिवाळीला माझी आई साताऱ्याहून येतेय तीन महिन्यांसाठी. उंदरांच्या पाकिटांसाठी छोटा वेगळा फ्रीजर घेतलाय, तो विषय मिटलाय.

लीड्सची_वैशाली

रेडिंगकर दादा, आधी अभिनंदन, कॉर्न स्नेक फार गोड जात आहे आणि नीट सांभाळली तर पंधरा-वीस वर्षं साथ देते, म्हणजे तुमचा मुलगा तिशीत येईल तोपर्यंत. म्हणून पेटी एकदाच आणि नीट करा. मी इथे यॉर्कशायरमध्ये बरीच वर्षं साप पाळतेय आणि दोन पेट्या नवऱ्याने आणि मी मिळून घरीच केल्यात.

माझं म्हणणं थोडं उलट्या बाजूने सुरू होतं. बहुतेक लोक आधी खोकं बनवतात, छान दिसतं, फोटो टाकतात, आणि मग विचारतात की हीटर कुठला लावू. मग कळतं की दिव्याला उंची पुरत नाही, वायर काढायला भोकच नाही, जाळी बसवायला जागा नाही. साप काही आपल्यासारखं अंग आतून गरम ठेवत नाही, त्याचं पचन, त्याची हालचाल, आजाराशी लढणं सगळं बाहेरच्या उष्णतेवर चालतं, त्यामुळे खोका ही दुय्यम गोष्ट आहे, आपण मुळात एक गरम कोपरा आणि एक गार कोपरा बांधतोय आणि त्याच्याभोवती भिंती घालतोय, असं धरून चाला.

तर गरम बाजू: ज्या दगडावर किंवा फळीवर ती शेकत बसेल तिथला पृष्ठभाग ३० ते ३२ अंश. गार बाजूची हवा २२ ते २४. रात्री २० पर्यंत उतरलं तरी चालतं, थोडं खाली गेलं तरी मोठ्या सापाला त्रास होत नाही. हा फरक तयार व्हायला लांबी लागते, दोन फुटी खोक्यात दोन्ही टोकं सारखीच तापतात, म्हणून चार फूट लांब, दोन फूट खोल, दोन फूट उंच हे माप धरा. मोठी झालेली मादी साधारण चार-साडेचार फूट होते आणि तिला पूर्ण लांब होता आलंच पाहिजे. उंची पण कमी करू नका, कॉर्न स्नेक चढतात, फांद्या द्या, वापरते की नाही बघा.

आता तुमची हीट मॅट. टबाखाली ती ठीक आहे कारण प्लास्टिक पातळ असतं. अठरा मिलीमीटर लाकडाखाली ठेवलीत तर लाकूड उष्णता अडवतं, वर काही पोचत नाही आणि खाली मॅट आणि लाकडाच्या मधे उष्णता कोंडते, ते धोक्याचं आहे. आत मातीखाली घातलीत तर वेगळा त्रास. मोकळ्या रानात साप तापला की खाली बिळात शिरतो आणि गार होतो, मॅटवर मात्र तो जितका खाली खणत जाईल तितका जास्त भाजतो. वरून उष्णता द्या, सूर्य पण वरूनच तापवतो. म्हणून छताला आतून चिनी मातीचं होल्डर लावा (प्लास्टिकचं होल्डर अजिबात नको, वितळतं), त्यात दिवसा ७५ वॅटच्या आसपासचा हॅलोजन किंवा उजेड न देणारा डीप हीट प्रोजेक्टर, आणि भोवती जाळीचा पिंजरा. पिंजरा नसेल तर ती बल्बला वेटोळं घालून बसते आणि भाजते, सापाला भाजत असल्याचं वेळेत कळत नाही.

आणि थर्मोस्टॅट. थर्मोस्टॅटशिवाय काहीही चालू करू नका, एक तासही नाही. हॅलोजनला आणि प्रोजेक्टरला डिमिंगवाला (वीज हळूहळू कमी-जास्त करणारा), काळ्या सिरॅमिक बल्बला पल्सवाला (वीज थोडी थोडी, तोडून तोडून देणारा), साधा चालू-बंद होणारा फक्त मॅटसाठी. चांगला डिमिंग थर्मोस्टॅट लाकडापेक्षा महाग पडेल कदाचित, पण पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा, सजावटीत वाचवा.

जुन्या फळ्यांबद्दल सुतारकाम येणाऱ्याने सांगावं, मी फक्त एवढं सांगते की देवदार नको, आणि वासाचा पाइनचा भुसा खाली टाकायला नको, त्यातल्या तेलांचा सापाच्या श्वासाला त्रास होतो. भुसाच हवा तर अ‍ॅस्पेनचा.

करवत_आणि_रंधा

मी मिल्टन कीन्सला असतो, साप पाळत नाही पण मित्राच्या सरड्यासाठी अशीच पेटी केली होती आणि सुतारकाम हा माझा जिवाभावाचा छंद, त्यामुळे लाकडाचं मी बोलतो.

जुन्या कपाटाच्या फळ्या जर मेलामाइन लावलेल्या चिपबोर्डच्या असतील (पांढऱ्या किंवा ओक रंगाच्या, दोन्ही बाजू गुळगुळीत) तर वापरू शकता, फक्त कापलेल्या कडा उघड्या ठेवायच्या नाहीत. चिपबोर्डच्या कडेला पाणी लागलं की दोन आठवड्यात फुगून बसतो, आणि साप पाण्याचं भांडं सांडतोच. कडांना इस्त्रीने चिकटणारी पट्टी लावा किंवा वॉर्निश पाजा. एमडीएफ मात्र घेऊ नका, ओल अजिबात सहन करत नाही. जुन्या फळ्यांना रंग दिलेला असेल, कसला ते माहीत नसेल, तर तो बोर्ड दुसऱ्या कामाला वापरा.

नवीन घेणार असाल तर १८ मिमीचं एक शीट २४४० बाय १२२० मिमीचं मिळतं आणि त्यातून तुमची अख्खी पेटी निघते, हिशोब सांगतो. शीटचे चार तुकडे करा, प्रत्येक १२०० बाय ६००. करवतीच्या पात्याची जाडी तीन मिमी धरली तरी बसतं. हे कापणं दुकानातच करून घ्या, हातकरवतीने सरळ येणार नाही आणि इथली मोठी हार्डवेअर दुकानं बऱ्याच ठिकाणी शीट कापून देतात. पहिला तुकडा बूड, दुसरा छत. तिसऱ्यातून दोन्ही बाजूच्या भिंती, ६०० खोल आणि ५६४ उंच, म्हणजे बूड आणि छताचे १८-१८ धरून एकूण उंची ६०० भरते. चौथ्यातून पुढच्या दोन पट्ट्या, लांबी ११६४, खालची १२० मिमी उंच आणि वरची ८०. खालची पट्टी माती अडवायला, वरची दिवा झाकायला आणि वरचा ट्रॅक धरायला. उरलेल्या तुकड्यातून आत चढायला एक फळी निघेल.

मागची बाजू १८ मिमीची करू नका, उगाच वजन. ६ मिमी प्लाय मागून ठोका, तोच सगळी पेटी काटकोनात धरतो. ठोकायच्या आधी समोरून दोन्ही कर्ण मोजा, दोन्ही सारखे हवेत, १३४२ मिमीच्या जवळपास. एक जास्त आणि एक कमी आला तर पेटी तिरकी आहे, आत्ताच ढकलून सरळ करा कारण तिरक्या पेटीत काच एका टोकाला घट्ट आणि दुसऱ्या टोकाला फट ठेवून बसते, आणि तुमचा सगळा प्रश्न त्या फटीचाच आहे.

स्क्रू ४ बाय ५० चे, आधी ३ मिमीचं भोक पाडून घ्या नाहीतर चिपबोर्ड कडेला फाटतो. मुलाला भोकं पाडायला द्या, या वयात जमतं, फक्त चष्मा घाला त्याला.

काचेचं: सरकत्या काचा हव्यात, ४ मिमी टफन केलेल्या, कडा घासलेल्या. त्यासाठी प्लास्टिकचे इंग्रजी ई अक्षरासारखे ट्रॅक मिळतात, वरचा खोल आणि खालचा उथळ. काच आधी वर घुसवायची मग खाली टेकवायची. दोन काचा एकमेकींवर ४० मिमी चढायला हव्या असतील तर प्रत्येकीची रुंदी ६०२. उंचीचं माप कागदावर काढू नका. ट्रॅक बसवा, वरच्या खाचेच्या तळापासून खालच्या खाचेच्या तळापर्यंत मोजा आणि उचलण्यापुरती जागा वजा करून मग ऑर्डर द्या. टफन काच एकदा आली की कापता येत नाही, दोन मिमी चुकलं तरी गेली. एक काच साधारण दोन किलो भरेल, मुलाला एकट्याला काढायला लावू नका.

आणखी एक, वरच्या मजल्यावर ठेवणार असाल तर वरच जोडा. रिकामी पेटी तीस किलोच्या पुढे जाते.

रेडिंगकर_सातारी

बापरे, किती मनापासून लिहिलंय तुम्ही दोघांनी, मापांसकट, मी प्रिंट काढून पोराच्या टेबलावर ठेवली. चौथ्या तुकड्याचा हिशोब त्याने स्वतः करून बघितला आणि बरोबर आला.

वैशालीताई, एक विचारू का, इथे हिवाळ्यात रात्री आम्ही हीटिंग बंद करतो, त्या खोलीत पहाटे सोळापर्यंत उतरतं. हॅलोजन रात्री बंद, मग? दिवसरात्र लाल बल्ब लावतात असं वाचलं.

लीड्सची_वैशाली

लाल बल्ब नको दादा, सापांना तो उजेड दिसतो, रात्र रात्रीसारखी काळी असू दे. खोली सोळावर जात असेल तर हॅलोजनऐवजी डीप हीट प्रोजेक्टरच लावा, तो उजेड देत नाही त्यामुळे रात्रीही चालू शकतो, आणि दिवस-रात्रीचं वेगळं तापमान लावता येईल असा डिमिंग थर्मोस्टॅट घ्या, रात्री २० वर ठेवा. उजेडासाठी साधी एलईडी पट्टी, टायमरवर बारा तास. जमलं तर कमी ताकदीची यूव्हीबी (उन्हात असतात तसे अतिनील किरण देणारी) ट्यूब पण लावा, पूर्वी म्हणायचे सापाला लागत नाही, पण २००८ मध्ये कॉर्न स्नेकवरच झालेल्या अभ्यासात यूव्हीबी मिळालेल्या सापांच्या रक्तात डी जीवनसत्त्वाचं प्रमाण वाढलेलं दिसलं. मी माझ्या पेट्यांत लावते, सावलीसाठी जागा ठेवून.

पशुवैद्य_मंजिरी

मी ह्यूस्टनमध्ये काम करते, आमच्याकडे सरपटणारे प्राणी बरेच येतात. (कॉर्न स्नेक मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातलाच, शेतात कोठारात उंदरांमागे फिरणारा.) वरचं सगळं वाचलं, छान सांगितलंय, मी फक्त दवाखान्यात जे बघते त्यावरून भर घालते.

पहिली गोष्ट, पेटीच्या आत कुठेही चिकटपट्टी लावू नका. सेलोटेप नको, डक्ट टेप नको, थर्मामीटर चिकटवायला पण नको. उन्हाळ्यात सुटते, साप तिच्यावरून जातो, अडकतो, आणि जोर लावून सुटायला बघतो तेव्हा कातडी सोलून निघते. असा साप आला की तेल लावून तासभर हळूहळू सोडवावं लागतं. वायर पकडायला स्क्रूचे क्लिप वापरा.

दुसरं, थर्मोस्टॅटचा सेन्सर घट्ट बांधा. लोक तो लोंबता सोडतात. साप त्याला ढकलत ढकलत गार कोपऱ्यात नेतो किंवा पाण्याच्या भांड्यात पाडतो, सेन्सरला वाटतं पेटी थंड आहे आणि तो हीटरला पूर्ण ताकदीने चालवतो. थर्मोस्टॅट असूनही भाजलेले साप मी बघितलेत ते याच कारणाने.

तिसरं, नाक. हवेच्या भोकांवर तारेची खरखरीत जाळी लावली की साप बाहेर पडायच्या प्रयत्नात नाक घासत राहतो, आधी खवले जातात मग जखम होते. जाळी हवी तर गोल गुळगुळीत तयार व्हेंट घ्या. आणि साप सतत काचेवर नाक घासत फिरत असेल तर पेटीत त्याला लपायला जागा नाही असं समजा. दोन लपायच्या जागा, एक गरम बाजूला एक गार बाजूला, आणि दोन्ही घट्ट, अंग तिन्ही बाजूंनी टेकलं पाहिजे. एकच दिलीत तर तो उष्णता की सुरक्षितपणा यातलं एक निवडतो, आणि बहुतेकदा सुरक्षितपणा निवडून पोटातलं अन्न पचवायचं राहून जातं.

सिलिकॉन वापरा सगळ्या आतल्या सांध्यांना, पण अ‍ॅक्वेरियमसाठीचा, बुरशीनाशक घातलेला बाथरूमचा नको. व्हिनेगरसारखा वास येतो, तो पूर्ण जाईपर्यंत थांबा. प्लाय घेतलात आणि वॉर्निश लावलंत तर पाण्यावरचं पॉलियुरेथेन, तीन हात, आणि त्यानंतर निदान दोन आठवडे उघडं ठेवून वास जाऊ द्या. घाई इथेच होते सगळ्यांची, साप टबात आणखी पंधरा दिवस राहिला तर काही बिघडत नाही.

आणि कोणी वापरलेली लाकडी पेटी फुकट देत असेल तर घेताना विचार करा. माइट्स म्हणजे सापाचं रक्त पिणारे अगदी बारीक जीव लाकडाच्या सांध्यात दडतात, आणि क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी साध्या जंतुनाशकांना दाद देत नाही. नवीन बोर्ड घेऊन करताय ते उत्तम.

सिंहगडरोड_अजगर

पुण्याहून लिहितोय. माझ्याकडे बॉल पायथन (परदेशी जातीचा छोटा अजगर) आहे, नोंदणी केलेला. आपल्या इथल्या वाचकांसाठी लिहितो कारण पुण्यात ही पेटी जशीच्या तशी केली तर अर्धं गणित उलटं होतं.

इंग्लंडमध्ये त्रास थंडीचा, आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये त्रास उन्हाचा. खोलीच ३६-३७ वर गेली तर थर्मोस्टॅट हीटर बंद करू शकतो, खोली गार करू शकत नाही. म्हणून पेटी कधीही गच्चीखालच्या खोलीत किंवा पश्चिमेच्या भिंतीला ठेवू नका. माझी खाली फरशीवर आहे, उत्तरेच्या खोलीत, आणि मी मागच्या भिंतीला व्हेंट जास्त दिलेत. हीटर लागतो तो डिसेंबर-जानेवारीत आणि पावसाळ्यात काही रात्री. लाईट जाते ते धरा, आल्यावर थर्मोस्टॅटची सेटिंग पुसली जात नाही ना ते घेतानाच बघून घ्या.

प्लाय घेताना दुकानदार आयएस ७१० मरीन प्लाय दाखवतो, पाण्याला उत्तम आहे, पण त्याला वाळवी-किडीसाठी औषध पाजलेलं असतं हे लक्षात ठेवा. सगळ्या बाजू आणि खास करून कडा, स्क्रूची भोकं धरून, नीट सील केल्याशिवाय साप आत सोडू नका. आतून सनमायका लावून घेतला तर पुसायलाही सोपं जातं, माझ्या सुताराने तसंच केलं, फक्त त्याला आधी पटत नव्हतं की सापासाठी फर्निचर करतोय.

आणि कायद्याचं स्पष्ट सांगतो. बॉल पायथन साइट्सच्या (CITES, वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहे, त्यामुळे वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर असे परदेशी प्राणी सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदवावे लागतात. कागद नसताना कोणी विकत असेल तर घेऊ नका.

नवीन_सदस्य_चिंचवड

विषय निघालाच आहे तर विचारतो, आमच्या सोसायटीत मागच्या बाजूला धामण निघते, बिनविषारी असते म्हणतात, तिला अशा पेटीत ठेवता येईल का? मोठी पेटी करायची तयारी आहे.

सिंहगडरोड_अजगर

नाही. धामण, नाग, दिवड, आपला अजगर, भारतातला रानातला कुठलाही साप पकडून घरी ठेवणं हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा आहे, तुरुंग होऊ शकतो. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, रोज तीन-चार सोसायट्या फिरून उंदीर खाणारी सात फुटी धामण पेटीत घातली तर ती काचेवर डोकं आपटून आपटून मरते. तिथेच राहू दे तिला, तुमच्या पार्किंगमधल्या गाड्यांच्या वायरी ती वाचवतेय. घरात शिरली तर वन विभागाला १९२६ वर फोन करा नाहीतर ओळखीच्या सर्पमित्राला.

तुमची हौस खरी आहे हे दिसतंय, एखाद्या सर्पमित्राबरोबर फिरा, बघायला भरपूर मिळेल.

नवीन_सदस्य_चिंचवड

ठीक आहे दादा, समजलं, नाही ठेवत. सोसायटीच्या ग्रुपवर पण टाकतो की मारू नका.

रेडिंगकर_सातारी

सगळ्यांचं वाचून आम्ही आराखडा पक्का केला, बघून सांगा काही सुटतंय का.

नवीन मेलामाइन बोर्ड घेतोय, जुन्या फळ्यांचं टेबल करतो पेटीखाली ठेवायला. उजव्या टोकाला प्रोजेक्टर, जाळीसकट, त्याखाली सपाट दगड आणि दगडावर काही नाही. डाव्या टोकाला पाण्याचं भांडं. दोन्हीकडे लपायला कॉर्क बार्कचे (कॉर्कच्या झाडाच्या सालीचे) तुकडे, मधे फांदी. माती आणि नारळाचा चोथा मिसळून आठ सेंटीमीटर थर, तो हिशोब केला तर पन्नास लिटरच्या वर माल लागतोय, एवढी लागेल वाटलं नव्हतं. वायरसाठी मागच्या प्लायला भोक. व्हेंट चार, मागच्या भिंतीत. सेन्सर गरम बाजूच्या भिंतीला स्क्रूच्या क्लिपने.

उरले दोन प्रश्न. व्हेंट चारही वर लावू की खाली? आणि काचेला कुलूप कसलं? पोरगा म्हणतो ती काच सरकवू शकत नाही, मला खात्री नाही.

लीड्सची_वैशाली

सरकवते! नाक काचेच्या कडेला लावून सगळं अंग मागे टेकवते आणि ढकलते, मोठा कॉर्न स्नेक चार मिमी काच सहज हलवतो. दुकानात दागिन्यांच्या कपाटाला असतं तसं दातऱ्या पट्टीचं काच-कुलूप मिळतं, ते दोन काचांच्या मधे बसतं, तेच घ्या. आई येणार आहेत तर किल्ली तुमच्याकडे ठेवा आणि कुलूप लावलं की किल्ली तुमच्या खुंटीला लावायची सवय पोराला आत्तापासून लावा. जेवण देणं, पाणी बदलणं, मग कुलूप, हा क्रम कधी मोडायचा नाही.

दोन काचा जिथे एकमेकींवर चढतात तिथे मधे दोन-तीन मिमी फट राहते. तुमची केशर तीन फुटाची आहे, ती त्यातून जाणार नाही, पण पुढे कोणी पेन्सिलीएवढं पिल्लू आणलं तर ते जातं, तेव्हा त्या फटीत मऊ पारदर्शक पट्टी लावावी लागेल. वायरचं भोक मात्र आत्ताच नीट बुजवा, प्लग आत घालायला मोठं भोक पाडता आणि नंतर वायरभोवती बोटभर जागा उरते, साप तिथूनच जातात सगळ्यात जास्त. रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रबरी कडी) बसवा आणि उरलेली जागा सिलिकॉनने भरा. ज्या फटीतून तिचं डोकं जातं तिथून अख्खी ती जाते, हे माप धरून सगळीकडे हात फिरवा.

व्हेंट दोन खाली गार बाजूला, मातीच्या थरापेक्षा वर, आणि दोन वर गरम बाजूला. गार हवा खालून शिरते, तापते, वरून निघून जाते, पंखा लागत नाही. चारही वर लावलीत तर खालची हवा तशीच ओली पडून राहते आणि इथल्या दमट घरात बुरशी येते. आर्द्रता ४० ते ६० टक्के ठेवा. कात टाकायच्या आधी डोळे निळसर दिसायला लागले की ओल्या शेवाळाचा एक बंद डबा, वर भोक पाडून, आत ठेवा, कात एकसंध निघते.

करवत_आणि_रंधा

व्हेंटची भोकं होल-सॉने (ड्रिलला लावायची गोल करवत) मागचा प्लाय ठोकायच्या आधीच पाडा, टेबलावर आडवा ठेवून, खाली जुनी फळी घेऊन, म्हणजे पलीकडून चिरफळ्या उडत नाहीत. कडा पॉलिशपेपरने मऊ करा. जुन्या फळ्यांच्या टेबलाला मधे पाचवा पाय द्या, माती भरल्यावर साठ-सत्तर किलो होणार आहे आणि चार फूट लांबीत चिपबोर्ड मधे वाकतो. टेबल वाकलं की पेटी वाकते, पेटी वाकली की काच अडकते.

पशुवैद्य_मंजिरी

आराखडा चांगला आहे. सेन्सर भिंतीला लावताय ते ठीक, पण दगडाच्या पातळीच्या आसपास, थेट प्रोजेक्टरच्या खाली नको. आणि भिंतीवरचा सेन्सर दगड किती तापला ते सांगत नाही, त्यासाठी इन्फ्रारेडची टेंपरेचर गन घ्या, स्वस्त मिळते, दगडावर ३२ च्या वर जात असेल तर थर्मोस्टॅट खाली आणा.

साप न घालता आठवडाभर पेटी चालवून बघा. सकाळी, दुपारी, पहाटे, तिन्ही वेळा दोन्ही टोकांचं तापमान मुलाला वहीत लिहायला सांगा. आकडे स्थिर झाले की मगच केशरला आत सोडा, आणि सोडल्यावर पहिला आठवडा तिला हातात घेऊ नका, खायला पण आठवड्यानंतरच द्या. नव्या जागेत गेलेल्या सापाने पहिलं जेवण नाकारलं तर घाबरू नका, पुढच्या वेळी बघा.

रेडिंगकर_सातारी

वही आणली. बोर्ड शनिवारी कापून मिळतोय. ट्रॅक लावून झाले की काचेचं माप इथे टाकतो, रंधावाले काका, ऑर्डर द्यायच्या आधी एकदा नजर घाला.

करवत_आणि_रंधा

टाका. माप तीन ठिकाणी घ्या, डावीकडे, मधे आणि उजवीकडे, आणि तिन्ही लिहा. फरक असेल तर सगळ्यात लहान आकडा धरायचा.